वाचता येतं म्हणजे नेमकं काय येतं?

जनगणनेचा प्रगणक दारात येतो तेव्हा साक्षरतेचा प्रश्न एका दमात संपतो. वय 7 वर्षं किंवा जास्त, आणि कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं का? हो म्हटलं की रकाना भरला. वाचून दाखवा, असं कोणी म्हणत नाही. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातले 82 टक्क्यांहून थोडे अधिक लोक अशा रीतीनं साक्षर ठरले. पुरुषांत शंभरातले सुमारे 88, स्त्रियांत सुमारे 76. हा हिशेब माणसागणिक झाला. वाचन वापरलं जातं ते मात्र घरागणिक. आजोबांच्या गोळ्यांचं पाकीट नात वाचते, बँकेचा मेसेज सून वाचते, सातबारा थोरला मुलगा. घराचं हे वाचन कसं चालतं आणि कुठं अडतं ते बघायचं, तर सुरुवात एका माणसाच्या डोळ्यांपासून करायला हवी.

देवनागरी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, असं आपण कौतुकानं सांगतो. ते निम्मंच खरं आहे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि क नंतर, उच्चारात नेमकं उलटं. डावीकडून उजवीकडे इमानदारीत बोट सरकवणाऱ्या नवशिक्याला पहिली ठेच इथं लागते. मग 'र' बघा. 'राजा'मध्ये तो स्वतःच्या पायावर उभा असतो. 'वर्ष'मध्ये ष च्या डोक्यावर चढून बसतो, आणि तरी उच्चारात ष च्या आधी येतो. 'क्रम'मध्ये तो क च्या पायाशी तिरपी रेघ होतो, 'राष्ट्र'मध्ये ट च्या खाली जातो, 'दऱ्या'मध्ये आडवा होतो. घ आणि ध, भ आणि म, प आणि ष यांच्यात फरक एवढ्याशा वळणाचा. 'चाक' आणि 'चार' यांतले च वेगळे उच्चारायचे, पण लिहायचे सारखेच. ज्यांना हे लहानपणीच जमून गेलं त्यांना यातलं काही दिसतसुद्धा नाही.

अक्षरं ओळखता आली की वाचता आलं, असा समज असतो. खरी अडचण त्यानंतरची. 'ग्रामपंचायत' हा शब्द कोणी ग्रा… म… पं… चा… असा सुटा सुटा लावत गेलं, तर शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात हातातून निसटते, कारण माणसाचं मन एका वेळी थोडेच तुकडे धरून ठेवू शकतं. सगळी शक्ती अक्षरं लावण्यात खर्च झाली की अर्थासाठी काही उरत नाही. म्हणून वाचनात वेगाला महत्त्व आहे, आणि वेग सरावानंच येतो. पुरेशा सरावानंतर डोळा शब्द अख्खा उचलतो. 2010 मध्ये मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास देहाएन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पोर्तुगाल आणि ब्राझीलमधल्या प्रौढांचे मेंदू तपासले. त्यांत निरक्षर होते, लहानपणी शिकलेले होते आणि मोठेपणी शिकलेलेही होते. लिहिलेला शब्द ओळखणारा मेंदूचा भाग मोठेपणी शिकलेल्यांतही जागा झालेला दिसला. 'आता या वयात काय डोक्यात शिरणार' हे वाक्य त्यामुळे फारसं टिकत नाही.

लहान मुलाची गोष्ट पाटीच्या बरीच आधी सुरू होते. 'कमळ' हा शब्द क, म, ळ अशा तुकड्यांचा आहे हे कानाला कळावं लागतं, मगच डोळ्याला त्या तुकड्यांची चिन्हं शिकवता येतात. बडबडगीतांतली यमकं, भेंड्यांमध्ये शेवटचं अक्षर पकडण्याची धडपड, हे सगळं त्या कानाचंच शिक्षण. ते द्यायला आई-आजीला लिहिता-वाचता यावं लागत नाही. निरक्षर आजी नातवाच्या वाचनाचा पाया घालत असते, आणि ही गोष्ट कोणत्याही रकान्यात बसत नाही. पुढे पहिली ते तिसरी ही तीन वर्षं निर्णायक. तिसरीपर्यंत मूल वाचायला शिकतं. त्यानंतर इतिहास, भूगोल, विज्ञान ते वाचून शिकणार आहे, असं सगळी पुस्तकं गृहीत धरतात. ज्याचं वाचन तिथं अडलं, त्याचे पुढचे सगळेच विषय अडतात. 'निपुण भारत' हे अभियान 2021 मध्ये याच वयावर बोट ठेवून सुरू झालं. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी 2005 पासून घरोघरी जाऊन मुलांसमोर कागद धरते. अक्षरं, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, अशा चढत्या पायऱ्या. मूल जिथं थांबतं ती त्याची पायरी. प्रगणकाच्या प्रश्नापेक्षा ही पद्धत मला जास्त प्रामाणिक वाटते.

मोठ्या माणसासमोर गोष्टीचं पुस्तक क्वचितच येतं. त्याच्यासमोर येतो सातबारा. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, आणि बारा म्हणजे तिच्यात पीक काय. त्यावरची भाषा वेगळ्याच जगातली: भोगवटादार वर्ग 1, पोटखराब, फेरफार क्रमांक. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेलं, आणि शेतकरी बोलणार एकर-गुंठ्यांत. दहावी झालेला मुलगाही इथं गोंधळतो. पण कोणीतरी एकदा सांगावं लागतं की एक आर म्हणजे जवळपास एक गुंठाच, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. की झालं, 0.80 हा आकडा दोन एकर म्हणून डोळ्यांसमोर उभा राहतो. 'इतर अधिकार' या रकान्यात बँकेचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज फिटल्यावर तो उतरला की नाही, हे त्या रकान्याकडे बघितल्याशिवाय कळत नाही. प्रौढाची साक्षरता अशी असते: अक्षर, आकडा आणि त्या कागदाची पद्धत, तिन्ही एकत्र.

यातला आकडा कित्येकांना अक्षराआधीच येत असतो. साताऱ्याच्या माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा आणि गावोगावच्या बाया स्वतःची बँक काढायला निघाल्या, तेव्हा रिझर्व्ह बँकेनं पहिला अर्ज फेटाळला. प्रवर्तक सभासदांपैकी अनेकींचे अंगठे होते. बाया लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितलं की रक्कम द्या, व्याज आम्ही तोंडी सांगतो, तुम्ही यंत्रावर करा. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. निरक्षर म्हणजे अडाणी, हा आपल्या बोलण्यातला सर्रास घोटाळा आहे. ज्या बाईला बाजारात एका पैशाला फसवता येत नाही, तिला कागदावर मात्र सहज फसवता येतं, आणि साक्षरतेचं काम आहे ते तेवढ्यापुरतं.

बचतगटात हे जवळून दिसतं. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी ही गटाची पंचसूत्री. पहिल्या चार गोष्टी सगळ्याजणी करतात. पाचवी बहुधा एकीच्याच पदरात पडते, जिला बरं लिहिता येतं तिच्या. दप्तर तिच्याकडे, इतिवृत्त तिच्या अक्षरात, बँकेत तीच जाणार. तिच्या मनात काही वावगं नसतं, पण तीन-चार वर्षांत गट तिचा होऊन बसतो.

घरातही हेच घडतं. कौशिक बसू आणि जेम्स फॉस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये साक्षरता मोजण्यावर एक निबंध लिहिला. निरक्षर दोन तऱ्हेचे असतात, असं त्यांचं म्हणणं. एकाच्या घरात कोणीतरी वाचणारं असतं, दुसऱ्याच्या घरात कोणीच नसतं. दोघांची टक्केवारीत एकच गणती होते, पण जगणं निराळं. पहिल्याला उसनं वाचन मिळतं: दवाखान्याचा कागद, एसटीची पाटी, लसीची तारीख, सगळं निभावतं. म्हणून ज्या घरात आजवर कोणीच वाचत नव्हतं, तिथं पहिलं माणूस शिकतं तेव्हा फायदा एकट्याचा होत नाही, अख्ख्या घराचा होतो.

मला त्यात एक पुरवणी जोडावीशी वाटते. उसनं वाचन औषधाच्या बाबतीत चालतं, हिश्श्याच्या बाबतीत चालत नाही. 2005 च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच हक्क आहे. मग भाऊ हक्कसोडपत्र करून आणतो. बहीण माहेरी येते, जेवण होतं, दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जायचं ठरतं. कागद तिला वाचून कोण दाखवणार? भाऊच. 'काही नाही गं ताई, नुसती सही आहे.' नुसतीच असेलही. बहिणीला राजीखुशीनं हक्क सोडायचाही असेल. पण कोणत्या गट क्रमांकातली किती जमीन आपण सोडतोय, हे तिला स्वतःच्या डोळ्यांनी दिसणं आणि भावाच्या तोंडून कळणं, या दोन गोष्टींत फार अंतर आहे. घरातला वाचणारा जोवर तटस्थ, तोवरच त्याचं वाचन आपल्या उपयोगाचं.

म्हणूनच मोठ्यांच्या शिक्षणाचा खटाटोप इतका जुना. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. आजचा शासकीय कार्यक्रम 'उल्लास' या नावानं 15 वर्षांवरच्या निरक्षरांसाठी चालतो. शिकवणारे स्वयंसेवक, परीक्षा 150 गुणांची: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान, प्रत्येकी 50. परीक्षेच्या दिवशी वर्गात सासू आणि सून शेजारी बसलेल्या दिसल्या की वर्तमानपत्रांत फोटो येतो, आणि यायलाच हवा.

म्हातारपणी शिकून काय करायचं, याचं उत्तर मुरबाड तालुक्यातल्या फांगण्याच्या आज्यांकडे आहे. 8 मार्च 2016 ला तिथं योगेंद्र बांगर या शिक्षकाच्या पुढाकारानं आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडी हा गणवेश, पाठीवर दप्तर, वय साठीच्या पुढचं. पोथी आपली आपल्याला वाचता यावी, ही साधी इच्छा. यात नोकरी नाही, पगारवाढ नाही, शासनाच्या आकड्यांत फारशी भरही नाही. अंगठ्याऐवजी सही करता येते, त्यात मिळणारा मान मात्र मोजायला कोणाकडे माप नाही.

खरा प्रश्न परीक्षा झाल्यानंतरचा. नव्यानं शिकलेलं वाचन सहा महिने न वापरता पडलं तर गंजतं, कारण वेग अजून आलेलाच नसतो. गावात नव्यानं शिकलेल्या बाईला वाचण्याजोगं काय असतं? शाळेची पुस्तकं पोरांसाठी, वर्तमानपत्राचं अक्षर बारीक आणि वाक्यं लांब. महाराष्ट्रात 1967 चा ग्रंथालय कायदा आहे, अनुदानित ग्रंथालयं खेडोपाडी आहेत, पण तिथं नवसाक्षरांसाठी ठळक अक्षरातली पुस्तकं मागितली तर ग्रंथपाल बहुधा बालविभागाकडे बोट दाखवतो. त्यापेक्षा रोजच्या व्यवहारातले कागदच बरे. गटाचं इतिवृत्त दर महिन्याला वेगळ्या बाईनं लिहायचं, पासबुकातली शेवटची नोंद स्वतः वाचायची, एसटीची पाटी दुसऱ्या कोणी सांगायच्या आत लावायची.

यात आडवं येतं ते घरच. गोळ्यांच्या पाकिटावरची मुदत नातीला दोन सेकंदांत दिसते, आजीला तेच लावायला दोन मिनिटं लागतात. नात म्हणते, 'दे इकडे, मी सांगते.' प्रेमानंच म्हणते. पाकीट आजीच्या हातात राहू द्यावं, आणि नातीनं तेवढा वेळ गप्प बसावं.