शाखायुक्त दगडी प्रवाळ 'ॲक्रोपोरा' : घरगुती मत्स्यालयातील संगोपन व त्याचे महत्त्व

प्रस्तावना

प्रवाळ म्हटले की आपणांस अंगठीतील तांबडे पोवळे आठवते. परंतु ते पोवळे निराळ्या गटातील प्राण्याचे असते. समुद्रात प्रवाळभित्ती उभारण्याचे कार्य प्रामुख्याने दगडी प्रवाळ करतात. त्यांपैकी सांबराच्या शिंगांसारख्या फांद्या फुटणारी 'ॲक्रोपोरा' ही शंभराहून अधिक जातींची प्रजाती सागरी मत्स्यालय बाळगणाऱ्यांना विशेष प्रिय आहे. ती जोपासणे अवघड का आहे आणि या छंदाचा मूळ प्रवाळभित्तींशी कोणता संबंध आहे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व पोषण

ॲक्रोपोराची फांदी ही असंख्य सूक्ष्म पॉलिपांची वसाहत होय. फांदीच्या टोकाशी एक अग्रस्थ पॉलिप असतो. तो पुढे वाढत जातो व त्याच्या बाजूंनी नवे पॉलिप निर्माण होतात. पॉलिपांच्या ऊतींमध्ये एकपेशीय शैवाल वास करते आणि प्रकाशसंश्लेषणातून मिळालेल्या अन्नाचा मोठा भाग प्रवाळास पुरविते. म्हणूनच या प्रवाळास तीव्र प्रकाश आणि सतत खेळते पाणी आवश्यक असते. त्याचा सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा असतो.

संगोपनातील रसायनशास्त्र

मत्स्यालयात तापमान सुमारे २५ ते २६ अंश सेल्सिअस, कॅल्शियम दर लिटरला ४०० ते ४५० मिलीग्रॅम आणि अल्कता ७ ते ९ जर्मन अंश राखली जाते. अल्कता म्हणजे आम्लाचे उदासिनीकरण करण्याची पाण्याची क्षमता. सांगाडा घडताना कॅल्शियम व अल्कता दोन्ही खर्च होतात. मात्र त्यांचा परिणाम सारखा दिसत नाही. कॅल्शियम ४२० वरून ४०० मिलीग्रॅमवर आले, तर ती घट जेमतेम पाच टक्के असते. त्याच वेळी अल्कता मात्र ८ वरून जवळजवळ ५ अंशांवर उतरते. यामुळेच जाणकार अल्कतेची वारंवार तपासणी करतात आणि खर्च झालेली द्रव्ये रोज थोडी थोडी भरून काढतात. अल्कतेत अकस्मात बदल झाल्यास ऊती सुटून पांढरा सांगाडा उघडा पडू शकतो. समुद्राच्या अफाट जलसाठ्यात असे चढउतार सहज सामावले जातात. काचेच्या पेटीत ते सामावत नाहीत.

छंद आणि संवर्धन

वादळात मोडलेली फांदी जशी समुद्रतळाशी रुजून नवी वसाहत होते, तशीच मत्स्यालयात कापलेली फांदी दगडावर चिकटविली असता वाढू लागते. त्यामुळे निसर्गातून प्रवाळ न तोडताही छंद जोपासता येतो. सर्व दगडी प्रवाळ 'साइट्स' या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. भारतात २००१ पासून भित्ती उभारणाऱ्या प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. मालवणसारख्या किनाऱ्यावरून प्रवाळ उचलणे हा म्हणूनच गुन्हा ठरतो, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते.

बंदिस्त पाण्यातील संगोपनाचे हे तंत्र संवर्धनासही उपयोगी पडले आहे. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयातील संशोधकांनी बंदिस्त टाक्यांत तापमान, दिनमान व चांदण्याचे चक्र कृत्रिमरीत्या साधून ॲक्रोपोराचे प्रजनन घडवून आणले. ते संशोधन २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडाचा समुद्र असह्य तापला, तेव्हा तेथील रोपवाटिकांतील प्रवाळ जमिनीवरील टाक्यांत हलवावे लागले.

निष्कर्ष

उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी सुमारे एक अंशाने अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ शैवाल गमावून पांढरे पडू लागते. मत्स्यालयात हा एक अंश यंत्राने खाली आणता येतो. समुद्रात तशी सोय नाही. मत्स्यालयातील फांदी प्रवाळभित्तीची जागा घेऊ शकत नाही. मात्र भित्ती किती अरुंद मर्यादांत जगते, हे ती दररोज मोजून दाखविते. प्राणिशास्त्र व रसायनशास्त्र यांच्या अध्यापकांनी हा विषय एकत्रितपणे शिकविल्यास विद्यार्थ्यांस समुद्राच्या तापमानवाढीचा अर्थ आकड्यांतून उमगेल.