जुळ्या बालकांची निद्रा
आमचे जुळे नातू दोन वर्षांचे होताच कठड्याच्या खाटेवरून उतरू लागले. एके रात्री एक पडला, थोडक्यात निभावले. दुसऱ्याच दिवशी गाद्या जमिनीवर घातल्या व कपाटे भिंतीस जखडली. कठडा ओलांडणे हा हट्ट नव्हे, वाढत्या वयाचे सामर्थ्य होय. मात्र एक उठला की दुसरा उठतो, आणि आपण हसलो की त्याचा खेळ होतो. म्हणून न हसता, न रागावता, प्रत्येकास निमूटपणे अंथरुणावर परत न्यावे. दहादा उठल्यास दहादा न्यावे. एकदा दिलेली सूट गिऱ्हाईक पुढे हक्क मानते, तसेच मुलांचे. या वयास दिवसाच्या झोपेसह ११ ते १४ तास निद्रा लागते. तिन्हीसांजेस निजू देऊ नये. घरातील सर्वांनी एकच नियम पाळावा. आमच्या घरी तो मोडणारे आजोबाच होते!