औषधपेटी कुणाच्या नावावर?

अनेक वस्त्यांत आरोग्याचे काम गरज पडली म्हणून सुरू झालेले असते. विहारात एक औषधपेटी असते, रविवारी बी.पी. तपासायचे यंत्र बाहेर निघते, कुणाच्या डायलिसिससाठी घरटी वर्गणी गोळा होते. काम मनापासून चालते. पण वर्गणीचे पैसे असतात एका माणसाच्या बचत खात्यात आणि यंत्राचे बिल दुसऱ्याच्याच नावावर.

उद्या तो खातेदार गेला, तर बँक पैसे नॉमिनीला किंवा वारसांना देते. वस्तीला विचारत नाही. यात कुणाची लबाडी नसते. कागदावर ते पैसे त्याचेच असतात, एवढेच. पण पुढच्या महिन्यात पेटी रिकामी राहते आणि वर्षानुवर्षे एकत्र काम केलेली दोन घरे एकमेकांशी बोलेनाशी होतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर आम्ही औषधाऐवजी कागदाविषयी लिहीत आहोत.

संस्था कायद्याने नोंदवण्याची वाट आपल्याला नवी नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली स्थापन केलेली बहिष्कृत हितकारिणी सभा १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेली होती. तिला अध्यक्ष, व्यवस्थापक मंडळ, चिटणीस, खजिनदार असे वेगवेगळे पदाधिकारी होते. तोच कायदा आजही लागू आहे.

आधी पाहा, गरज आहे का?

प्रत्येक कामाला नवी संस्था लागत नाही. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात शहरी वस्त्यांसाठी महिला आरोग्य समिती ठरवलेली आहे. साधारण ५० ते १०० घरांमागे एक समिती, तिचे स्वतःचे बँक खाते आणि वर्षाला ५,००० रुपयांचा निधी, अशी ही योजना आहे. आपल्या वस्तीत ती आहे का, हे आशाताईंना विचारा. टीबीच्या रुग्णाला पोषण आहार द्यायचा असेल, तर एकट्या माणसालाही ‘निक्षय मित्र’ होता येते.

जयंतीसाठी वर्गणी गोळा करायची जी तात्पुरती परवानगी मंडळे काढतात, ती मात्र संस्थेची नोंदणी नव्हे. तिच्यावर वर्षभराचे काम चालवू नका.

संस्थेच्या नावाने खाते हवे, कंपनीकडून किंवा शासनाकडून मदत हवी, खोली किंवा रुग्णवाहिका संस्थेच्या मालकीची हवी, असे असेल तेव्हा नोंदणीला पर्याय नाही.

सात जण, दोन कायदे

१८६० च्या कायद्याने किमान सात सभासद लागतात. महाराष्ट्रात अशा संस्थेची दुसरी नोंदणी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली करावी लागते. दोन्ही कामे धर्मादाय आयुक्तांच्या अखत्यारीतल्या सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालयात होतात. १९५० च्या कायद्याने गरिबांना साहाय्य, शिक्षण आणि वैद्यकीय मदत ही धर्मादाय कामे मानली आहेत, त्यामुळे आरोग्याचे काम त्यात थेट बसते.

लागणारे मुख्य कागद असे: संस्था स्थापन केल्याचा बैठकीचा ठराव, संस्थेचे नाव व उद्देश सांगणारे ज्ञापन, नियमावली, सातही जणांची ओळखपत्रे आणि संमतीपत्रे, कार्यालयाच्या जागेचा पुरावा आणि जागा दुसऱ्याची असेल तर त्याचे ना-हरकत पत्र. अर्ज गेल्यावर कार्यालय चौकशी करते. सरकारी शुल्क किती, हे कार्यालयातच विचारा आणि भरलेल्या प्रत्येक रुपयाची पावती घ्या. एजंटाला कोऱ्या कागदावर सही देऊ नका.

सात नावे ठरवताना एक पाहा. प्रत्यक्ष पेटी सांभाळणाऱ्या, रुग्णाला दवाखान्यात नेणाऱ्या बायका त्यात आहेत का? काम त्यांचे आणि सह्या दुसऱ्यांच्या, असे झाले तर पुढे खाते चालवायचा अधिकारही त्यांच्या हाती राहत नाही. एकाच घरातली तीन-चार नावेही टाळा.

नियमावली स्वतः वाचा

तयार छापील नियमावलीवर सह्या करून मोकळे होण्याची घाई नडते. सभासद कोण होऊ शकतो, वर्गणी किती, निवडणूक किती वर्षांनी, सभेला किती जण हजर हवेत, खात्यावर कुणाच्या सह्या, हे सगळे सातही जणांना तोंडी सांगता आले पाहिजे. चेकवर दोघांच्या सह्या ठेवा, आणि ते दोघे एका घरातले नकोत.

उद्देशांत ‘वस्तीतील सर्व गरजूंसाठी’ असे लिहिणे चांगले. आयकर कायद्यात, एखाद्याच धर्मसमूहाच्या किंवा जातीच्या भल्यासाठी काढलेल्या धर्मादाय संस्थेला करसवलत नाकारली जाते. अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, स्त्रिया आणि मुले यांच्यासाठीच्या कामाला मात्र ही अडचण नाही. देणगीदाराला मिळणारी, ‘८०-जी’ म्हणून ओळखली जाणारी सवलतही आपोआप लागू होत नाही. संस्थेचे पॅनकार्ड काढून आयकर खात्याकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

आणखी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. संस्थेचे प्रमाणपत्र म्हणजे औषध देण्याचा परवाना नव्हे. गोळी कोणती, किती, हे नोंदणीकृत डॉक्टरच ठरवणार.

प्रमाणपत्र फ्रेममध्ये, संस्था कुठे?

प्रमाणपत्र मिळाले की हार घातला जातो, फोटो निघतो. खरी परीक्षा नंतर असते. विश्वस्त बदलला, वारला किंवा पत्ता बदलला, तर ९० दिवसांच्या आत बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखल करावा लागतो. हिशेब दरवर्षी ३१ मार्चला बंद करून तपासून घ्यावे लागतात. हे वर्षानुवर्षे राहिले, की कार्यालयाच्या नोंदवहीत वारलेल्या माणसांचीच नावे उरतात. मग बँक नव्या सह्या घेत नाही, देणगीदार मागे सरतो, आणि संस्था कुणाची यावर भांडण सुरू होते. संस्था जागी असेल तर कायदा तिला सांभाळतो. तिची जागा किंवा इमारत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येत नाही.

म्हणून तीन वह्या पहिल्या दिवसापासून ठेवा: सभेचे इतिवृत्त, रोजकीर्द आणि वस्तूंची नोंद. बी.पी.चे यंत्र आणले तर बिल संस्थेच्या नावावर घ्या आणि ते वहीत चढवा. महिन्याचा हिशेब विहाराच्या फळ्यावर लिहा. फळा वाचायला वकील लागत नाही.

हेच कार्यालय, दवाखान्यासाठीही

ज्या धर्मादाय आयुक्तांकडे आपली छोटी संस्था नोंदवायची, त्यांच्याकडेच मोठमोठी धर्मादाय रुग्णालयेही नोंदलेली आहेत. १९५० च्या कायद्याचे कलम ४१-एए आणि मुंबई उच्च न्यायालयाने ठरवून दिलेली योजना यांनुसार या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात राखून ठेवाव्या लागतात. तातडीच्या रुग्णाला आधी दाखल करून जीव वाचवणारे उपचार देणेही त्यांच्यावर बंधनकारक आहे.

यासाठी रुग्णाच्या घराने तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड तयार ठेवावे. रुग्णालयातल्या समाजसेवा अधिकाऱ्यांना भेटावे. नकार मिळाला तर धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते. ती कोणतेही कुटुंब करू शकते. पण रात्री धावपळ चाललेल्या घराला अर्ज लिहायला सुचत नाही. लेटरहेड, शिक्का आणि कागद माहीत असलेली दोन माणसे वस्तीच्या संस्थेकडे असतील, तर तो अर्ज सकाळी कार्यालय उघडताच पोहोचतो.

येत्या बैठकीत एवढे तीन प्रश्न विचारा. आपले पैसे आज कुणाच्या खात्यात आहेत? आपल्या वस्तूंची बिले कुणाच्या नावावर आहेत? संस्था आधीच नोंदलेली असेल, तर शेवटचा बदल अर्ज कधी गेला? उत्तरे इतिवृत्ताच्या वहीत लिहा, आणि पुढचे काम कुणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचे, ते त्याखाली लिहा.