ओव्हरऑल सात आला, तरी गुण का कमी पडतात? आयईएलटीएसचे गणित समजून घेऊया



भाटघर धरणाच्या कडेच्या गावांतली आपली मुलं-मुली आज शिरवळ आणि खेड-शिवापूरच्या कंपन्यांत कामाला आहेत, पुण्यात नर्सिंग, फार्मसी, इंजिनिअरिंग करत आहेत. त्यातली काही आता कॅनडा, ऑस्ट्रेलिया, ब्रिटनला जाण्याची तयारी करतात. आम्ही भोर-वेल्हे भागात तरुणांसोबत काम करतो, तेव्हा एक वाक्य सारखे कानावर येते : "क्लासवाले म्हणाले, ओव्हरऑल सात आला की काम झालं." या एका वाक्यापायी घरचे दागिने गहाण पडल्याचे आम्ही पाहिले आहे. परीक्षेची फी सतरा-अठरा हजारांच्या घरात, क्लासची वेगळी, आणि नापास झालो की पास हेच कळत नाही, म्हणून पुन्हा तेवढाच खर्च. म्हणून हे गुण नेमके कसे पडतात ते एकदा नीट मांडतो आहोत.

पहिली गोष्ट, आयईएलटीएसमध्ये पास-नापास नसते. शून्य ते नऊ असे बँड असतात, मध्ये अर्धा बँडही असतो. कोणता बँड पुरेसा हे परीक्षा घेणारे ठरवत नाहीत. ते ठरवतो तो देश, ते विद्यापीठ किंवा ती व्यावसायिक परिषद. त्यामुळे "किती पाहिजे?" या प्रश्नाला "कुठे आणि कशासाठी?" हा उलटा प्रश्न विचारल्याशिवाय जो उत्तर देतो, त्याच्याकडे पैसे भरू नका.

परीक्षेचे चार भाग : ऐकणे, वाचणे, लिहिणे, बोलणे. ऐकण्याचे ४० प्रश्न, वाचण्याचे ४० प्रश्न, प्रत्येकाला एक गुण, चुकले तर गुण कापत नाहीत. म्हणजे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पण स्पेलिंग चुकले तर उत्तर चूक, आणि "दोनच शब्दांत लिहा" म्हटले असताना तीन लिहिले तरी चूक. ४० पैकी मिळालेल्या गुणांचे मग बँडमध्ये रूपांतर होते. ऐकण्यात साधारण ३० बरोबर आले तर सात, ३५ आले तर आठ.

वाचण्यात एक गोम आहे. परीक्षा दोन प्रकारची असते, अ‍ॅकॅडेमिक आणि जनरल ट्रेनिंग. शिक्षणासाठी जाणारे पहिली देतात, कॅनडाच्या पीआरसाठी दुसरी लागते. जनरलचे उतारे सोपे असतात, म्हणून मोजपट्टी कडक. अ‍ॅकॅडेमिकमध्ये ३० बरोबर आले तर साधारण सात मिळतात, जनरलमध्ये तेवढ्याच ३० ला सहा. तिथे सातसाठी ३४ च्या आसपास लागतात. "जनरल सोपी आहे, घे" असे सांगणारा ही दुसरी बाजू सांगत नाही.

लिहिणे आणि बोलणे माणूस तपासतो. लेखनात दोन कामे असतात, पहिले किमान १५० शब्दांचे, दुसरे किमान २५० शब्दांचे. दुसऱ्याचे वजन पहिल्याच्या दुप्पट. तरीही आपली मुलं पहिल्यावर अर्धा तास घालवतात आणि निबंध गुंडाळतात. परीक्षक चार गोष्टी पाहतो आणि चारहींना सारखे वजन देतो : विचारले त्याचे उत्तर दिले का, मांडणी सलग आहे का, शब्दसंपत्ती कशी आहे, व्याकरण किती विविध आणि अचूक आहे. म्हणजे व्याकरण हा चौथा हिस्सा झाला, सगळी परीक्षा नव्हे. मराठी माध्यमातून आलेल्यांचा सगळा जीव 'अ', 'अ‍ॅन', 'द' मध्ये अडकलेला असतो, कारण ही उपपदे आपल्या भाषेत नाहीतच. त्या चुकांनी एका रकान्यात फटका बसतो हे खरे. पण प्रश्नात दोन्ही बाजूंची चर्चा मागितली असताना एकच बाजू लिहिली, तर फटका दुसऱ्या रकान्यात बसतो आणि तो टाळणे कितीतरी सोपे आहे. पाठ केलेला निबंध उतरवला तर परीक्षकाला तो ओळखू येतो, आणि गुण वाढण्याऐवजी घटतात.

बोलण्याची परीक्षा ११ ते १४ मिनिटांची. तिथेही चार रकाने : ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. उच्चार म्हणजे गोऱ्यांची नक्कल नव्हे. ऐकणाऱ्याला न अडखळता कळते का, एवढे पाहतात. मराठी वळणाला गुण कापत नाहीत. तुमचे मत बरोबर की चूक हेही पाहत नाहीत, ते मांडता येते का हे पाहतात. सभेत माईक हातात घेऊन बोलणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांना हा भाग खरे तर जड जाऊ नये.

आता ओव्हरऑलकडे. चार बँडची सरासरी काढतात आणि जवळच्या अर्ध्यावर नेतात. सरासरीत पाव आला तर वरचा अर्धा, पाऊण आला तर वरचा पूर्ण. समजा ऐकणे ७.५, वाचणे ७, लिहिणे ६, बोलणे ६.५. बेरीज २७, सरासरी ६.७५, ओव्हरऑल सात. घरी पेढे वाटले जातात. पण कॅनडाची एक्स्प्रेस एंट्री ओव्हरऑलकडे बघतच नाही. ती प्रत्येक भागाचा बँड सीएलबी नावाच्या स्वतःच्या पट्टीवर वेगळा मोजते.

त्या पट्टीवर सीएलबी ७ म्हणजे चारही भागांत ६. सीएलबी ९ म्हणजे ऐकण्यात ८ आणि बाकी तिन्हींत ७. जोडीदाराशिवाय अर्ज करणाऱ्याला प्रत्येक भागासाठी सीएलबी ७ ला १७ गुण, ८ ला २३, ९ ला ३१ आणि १० किंवा वर ३४. आपल्या पेढेवाल्या उमेदवाराचे झाले २३ + ३१ + १७ + २३, म्हणजे ९४. दुसरा उमेदवार घ्या : ८, ७, ७, ७. ओव्हरऑल ७.५, पहिल्यापेक्षा अर्धाच बँड जास्त. त्याचे गुण १२४.

एवढ्यावर थांबत नाही. भाषेची सांगड शिक्षणाशी आणि परदेशी अनुभवाशी (म्हणजे कॅनडाबाहेरच्या, आपल्या इथल्या नोकरीशी) घालून वेगळे गुण देतात. चारही भागांत सीएलबी ९ असेल आणि मास्टर्सची पदवी असेल तर ५०, एकाही भागात ९ च्या खाली घसरलात तर २५. तीन वर्षांच्या अनुभवाचेही तसेच, ५० किंवा २५. दोघांकडे मास्टर्स आणि तीन वर्षांची नोकरी धरली, तर पहिल्याचे एकूण १४४ आणि दुसऱ्याचे २२४. फरक ८० गुणांचा.

आणखी एक गंमत पाहा. तिसऱ्याचे बँड ८.५, ८.५, लेखन ६.५, बोलणे ७.५. ओव्हरऑल आठ! पण लेखन सीएलबी ८ वर अडकले. त्याचे होतात १२५ अधिक ५०, म्हणजे १७५. ओव्हरऑल साडेसातवाला त्याच्या ४९ गुण पुढे. म्हणून ज्याचे लेखन ६.५ आहे त्याने पुढचे तीन महिने फक्त लेखनावर घालवावेत, ऐकण्यात साडेआठचे नऊ करण्यात काही हशील नाही.

इतर देशांचे थोडक्यात. ऑस्ट्रेलियाच्या गुणपद्धतीत चारही भागांत ७ असतील तर १० गुण, चारही भागांत ८ असतील तर २०, इथेही एकच भाग खाली गेला की गुण गेले. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणीसाठी नर्सिंग परिषदेला लेखनात ६.५ आणि बाकी तिन्हींत ७ लागतात. आपल्या नर्सिंगच्या मुलींनी हे कागदावर लिहून भिंतीला लावावे.

भाषेची परीक्षा हे सीमेवरचे फाटक आहे, आणि त्याचा इतिहास स्वच्छ नाही, हेही आपल्या तरुणांना माहीत असावे. ऑस्ट्रेलियाने १९०१ मध्ये कायदा केला, त्यानुसार अधिकारी येणाऱ्याला युरोपातल्या कोणत्याही भाषेत ५० शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत असे. इंग्रजी येणाऱ्याला दुसरी भाषा घालायची. १९३४ मध्ये एगॉन किश या अनेक भाषा जाणणाऱ्या लेखकाला त्यांनी स्कॉटिश गेलिकमध्ये परीक्षा घातली. कायद्यात वर्णाचा उल्लेख नव्हता, गाळायचे मात्र मुख्यतः गोरे नसलेल्यांना. १९५८ पर्यंत हे चालले. नियमात जातीचा शब्द नसताना जात गाळता येते हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आजची परीक्षा तशी नाही. तिचे निकष उघड आहेत, संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येतात. पण ज्याच्या घरात इंग्रजी बोलले जाते आणि ज्याची पहिली पिढी शाळेत गेली, त्या दोघांना फी सारखीच आहे, हा आमचा आक्षेप राहणारच.

गुण देणारी यंत्रणाही चुकते. ऑगस्ट २०२३ ते सप्टेंबर २०२५ या काळात तांत्रिक दोषामुळे काहींचे ऐकण्या-वाचण्याचे निकाल चुकल्याचे आयईएलटीएसनेच मान्य केले. प्रमाण एक टक्क्याहून कमी होते, पण ज्याचे चुकले त्याचे शंभर टक्के चुकले. म्हणून निकाल आला की क्लासवाल्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. तीन भाग चांगले आणि एकच अनपेक्षित पडला असेल, विशेषतः लेखन किंवा बोलणे, तर सहा आठवड्यांच्या आत फेरतपासणी मागता येते. ज्येष्ठ परीक्षक पुन्हा तपासतो, आणि गुण बदलले तर भरलेली फी परत मिळते. संगणकावर परीक्षा दिली असेल तर एकाच भागाची पुन्हा परीक्षा देण्याची सोयही आहे, मुदत ६० दिवसांची. मात्र असा निकाल प्रत्येक देश, प्रत्येक विभाग स्वीकारतोच असे नाही. पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी पानावर स्वतः तपासा, एजंटच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजवर नव्हे.

आणि तारीख पाहून ठेवा. निकाल दोन वर्षे चालतो. कॅनडासाठी तो प्रोफाइल भरताना आणि पुढे पीआरचा प्रत्यक्ष अर्ज करताना, दोन्ही वेळी दोन वर्षांच्या आतला असावा लागतो. प्रोफाइल भरून बोलावण्याची वाट पाहत वर्ष-दीड वर्ष निघून जाते आणि ऐन अर्जाच्या वेळी निकाल बाद होतो. पदवीचे मूल्यांकन, अनुभवाची पत्रे, जातीचे आणि जन्माचे दाखले यांवरची नावे जुळवणे ही कामे परीक्षेच्या आधी उरकून घ्या. भोरहून कापूरहोळमार्गे स्वारगेटला परीक्षेसाठी निघाल तेव्हा बाकीची फाइल तयार असली पाहिजे.