शनिवार तेल्यांची कसोटी

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील 'शआर हशामाईम', म्हणजेच 'स्वर्गाचे द्वार', हे ज्यू प्रार्थनामंदिर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १८७९ साली स्थापन झालेले हे मंदिर बेने इस्रायल समाजाचे आहे. मराठी बोलणारे व 'कर'ने संपणारी आडनावे लावणारे हे आपले शेजारी. कोकणात त्यांचे पूर्वज तेल गाळीत व विकीत. शब्बाथासाठी शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून ते 'शनिवार तेली' म्हणून ओळखले गेले.

त्यांच्या ज्यूपणाची दोनदा परीक्षा झाली. परंपरेनुसार पहिली घेतली कोचीनच्या डेव्हिड राहबी यांनी. त्यांनी स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले. पर व खवले नसलेले मासे स्त्रियांनी बाजूला सारले. लेवीय ग्रंथातील नियम या घरांत जिवंत होता! राहबींनी त्यांना आपले मानून धर्मशिक्षण दिले.

दुसरी परीक्षा कठीण होती. १९४८ साली इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर अनेक कुटुंबे तेथे गेली. तेथे ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या अधिकारात असतात. हा समाज शतकानुशतके तालमूदच्या परंपरेपासून दूर राहिला होता. त्यामुळे त्यांचे पूर्वीचे घटस्फोट व पुनर्विवाह शास्त्रशुद्ध होते काय, अशी शंका काही रब्बींनी घेतली. १९६१ साली मुख्य रब्बीपीठाने त्यांच्याशी विवाहास संमती दिली. परंतु १९६२ च्या आदेशाने वधूवरांच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी सक्तीची केली. लग्न ठरलेल्या तरुण-तरुणींनी पणजीचा पुरावा आणावा तरी कोठून?

समाजाने यरुशलेमेत धरणे धरले. १७ ऑगस्ट १९६४ रोजी इस्रायलच्या संसदेने, बेने इस्रायल सर्वार्थाने ज्यू आहेत, असा ठराव केला. त्याच महिन्याच्या अखेरीस रब्बीपीठाने आदेशातून या समाजाचे नाव वगळले. ज्या कोणाविषयी शंका असेल त्याला नियम लागू, असे ठरले.

विवाहापूर्वी चौकशी आपल्या धर्मग्रामातही होते आणि ती योग्यच आहे. मात्र ती प्रत्येकाची सारखीच व्हावी. एका समाजाचे नाव घेऊन नव्हे. तेलाच्या घाण्याजवळ शब्बाथ जपणाऱ्या त्या श्रद्धेपुढे आम्ही आदराने नतमस्तक होतो. टेंभी नाक्यावरून जाताना, प्रिय वाचकहो, क्षणभर थांबून या शेजाऱ्यांचे स्मरण करावे.