हाडासाठी परांची

दात पडला की त्याच्या जागेचे जबड्याचे हाड हळूहळू झिजू लागते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? चावण्याचा ताण थांबला की शरीर ते हाड राखत नाही. मग कृत्रिम दाताचा टिटॅनियमचा स्क्रू रोवायचा कशात?

अशा वेळी दंतवैद्य तेथे कॅल्शियम फॉस्फेटचे सच्छिद्र कण भरू शकतात. हे कण म्हणजे जणू परांची! छिद्रांतून रक्तवाहिन्या व पेशी शिरतात आणि नवे हाड रचतात.

पण परांची टिकावी किती? हायड्रॉक्सिॲपॅटाइट वर्षानुवर्षे राहते; ट्रायकॅल्शियम फॉस्फेट त्याहून लवकर विरते. फार लवकर विरले तर जागा खचते. फार टिकले तर नव्या हाडाला वाव उरत नाही. म्हणून पुष्कळदा दोहोंचे मिश्रण वापरतात.