अंगाशी भांडण कशाला?

"मॅडम, दिसभर वाकून वाकूनच कंबर मोडली आमची. अन् तुम्ही अजून कामून वाकवायलात?"

सेलू तालुक्यातल्या एका गावी, शाळेच्या ओसरीवर, कापूस वेचून आलेल्या एका मावशीने मला हा प्रश्न विचारला. रोज संध्याकाळी अर्धा तास आसने करू या, एवढेच मी म्हटले होते. सगळ्या जणी हसल्या. मीही हसले. पण आणखी एक प्रश्न त्यांच्या डोळ्यांत दिसत होता, तो कोणी बोलून दाखवला नाही. योग शिकवायला आलेली ही बाई स्वतः एवढी जाड कशी?

वाचक भगिनींनो, हा दुसरा प्रश्न मी स्वतःलाच कितीतरी वर्षे विचारत होते.

परभणीच्या कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. होऊन मी नोकरीला लागले. कृषी विस्ताराचे काम म्हणजे बांधावरची पायपीट, दुचाकीवरचे हेलकावे आणि अवेळी जेवण. दोन बाळंतपणांनंतर अंग सुटले आणि पन्नाशीत गुडघे बोलू लागले. शिवारफेरीचा फोटो काढायची वेळ आली, की मी हळूच मागच्या रांगेत जाई. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून शहरातल्या एका योगवर्गात गेले. तिथल्या शिक्षकांनी दुसऱ्याच दिवशी सर्वांदेखत सांगितले, "ताई, आधी वजन उतरवा, मग या." मी घरी आले ती तीन महिने त्या रस्त्याने गेले नाही.

याच काळात पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे चरित्र माझ्या वाचनात आले. योगाचार्य म्हणजे जन्मतःच लवचीक आणि धडधाकट माणूस, अशी माझी समजूत होती. ती साफ चुकीची निघाली.

अय्यंगारांचा जन्म १४ डिसेंबर १९१८ चा, कर्नाटकातल्या कोलार जिल्ह्यातील बेळ्ळूर गावचा. जगभर फ्लूची साथ चालू होती आणि आईला त्या साथीने गाठलेले असतानाच हे मूल जन्मले. हातपाय काडीसारखे, पोट पुढे आलेले, डोके पेलवेना. पुढे हिवताप, विषमज्वर आणि क्षय यांनीही त्यांना सोडले नाही. वडील लहानपणीच गेले. १९३४ साली मैसूरला मेहुणे टी. कृष्णम्माचार्य यांच्याकडे त्यांनी योग शिकायला सुरुवात केली, तेव्हा अंग इतके आखडलेले होते, की खाली वाकले तर हात जमिनीपर्यंत पोचत नसत.

१९३७ साली, अवघ्या अठराव्या वर्षी, त्यांना शिकवायला पुण्याला पाठवण्यात आले. मराठी येत नव्हते, शिक्षण अपुरे होते आणि समोरचे विद्यार्थी त्यांच्यापेक्षा वयाने मोठे, अंगाने तगडे. पुष्कळदा खायचेही हाल होत. तरी ते रोज तासन्‌तास स्वतःच्या अंगावर सराव करून पाहत. कोणता स्नायू कुठे अडतो, पाऊल किती वळवले म्हणजे गुडघ्याला आराम पडतो, हे त्यांना असे कळत गेले. ज्याला सगळे सहज जमते, त्याला अडलेल्याचे दुखणे कसे कळावे? अय्यंगारांना ते कळले, कारण ते स्वतः अडलेले होते.

याच जाणिवेतून त्यांनी योगवर्गात विटा, दोर, पट्टे, खुर्च्या, घोंगड्या आणल्या. हात जमिनीला पोचत नसेल तर हाताखाली वीट ठेवायची. म्हणजे जमीनच हाताला आणून द्यायची. १९५२ साली प्रख्यात व्हायोलिनवादक येहुदी मेन्युहिन त्यांना भेटले आणि त्यांच्यामुळे हा पुण्याचा शिक्षक युरोपात पोचला. बेल्जियमच्या राणी एलिझाबेथ यांना तर त्यांनी ऐंशी वर्षांच्या वयानंतर शीर्षासन शिकवले. 'लाइट ऑन योगा' हे त्यांचे पुस्तक १९६६ साली निघाले आणि पत्नी रमामणी यांच्या स्मरणार्थ पुण्यातली संस्था १९७५ साली सुरू झाली.

मला मात्र त्यांची १९७९ ची गोष्ट सर्वांत मोठी वाटते. साठीत असताना, काही महिन्यांच्या अंतराने, त्यांना स्कूटरचे दोन अपघात झाले. खांदा, पाठीचा कणा आणि गुडघे दुखावले. जगाला शिकवणाऱ्या माणसाला साधी आसने जमेनात. त्यांनी नवशिक्याप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली आणि अनेक वर्षे घालवून बरेचसे परत मिळवले. २० ऑगस्ट २०१४ रोजी, पंचाण्णवाव्या वर्षी, ते पुण्यात वारले.

त्यांची थोरली कन्या गीता हिला लहानपणीच मूत्रपिंडाचा गंभीर विकार झाला होता. त्या आजारातून ती योगाकडे वळली आणि पुढे स्वतः शिक्षिका झाली. पाळीच्या दिवसांत काय करावे, गरोदरपणात काय टाळावे, वय वाढल्यावर सराव कसा बदलावा, हे त्यांनी बायकांसाठी १९८३ च्या पुस्तकात मांडले. बाईच्या शरीराला त्यांनी कमी लेखले नाही. ते जसे बदलते, तसा सराव बदलायला शिकवले.

हे वाचताना मला माझाच धंदा आठवला. जिंतूरच्या डोंगराकडची मुरमाड राने आणि गोदाकाठची खोल काळी जमीन, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. काळ्या रानात पाणी साचते म्हणून आपण त्याला शिव्या देत नाही, चर काढतो. हलक्या रानात कापूस तग धरत नाही म्हणून ते टाकून देत नाही, मूग-उडीद घेतो. आहे ती जमीन आधी ओळखायची आणि मग कसायची, हे मी शेतकऱ्यांना जन्मभर सांगत आले. स्वतःच्या अंगाला मात्र रोज बोल लावत होते. एक लक्षात घ्या, जमीन ओळखणे म्हणजे ती पडीक ठेवणे नव्हे.

मग मी दुसऱ्या एका वर्गात नाव घातले. हाताखाली वीट, गुडघ्याखाली घडी केलेले घोंगडे, अशी दोन वर्षे काढली आणि योगशिक्षकाची पदविका घेतली. वर्गात वयाने मीच सर्वांत मोठी. वजनाचा काटा फार हललेला नाही. पण जिना चढताना कठड्याला लोंबकळावे लागत नाही, आणि फोटोत मी आता पुढे उभी राहते.

मावशीच्या प्रश्नाला मी उत्तर दिले ते असे. खुरपताना आपण पाठीची कमान करून तासन्‌तास वाकतो, कामाच्या ओढीत अंगाकडे लक्ष नसते. इथे आपण तीच पाठ लांब करायची आणि अंग काय म्हणते ते ऐकायचे. हे सांगून मी तिला खिडकीपाशी उभी केली. तीन गोष्टी आम्ही सुरू केल्या, त्या तुम्हीही करून पाहा.

पहिली : खिडकीच्या काठावर किंवा ओट्यावर दोन्ही हात टेकवा, पाय मागे न्या आणि कमरेतून वाका. पाठ पाटासारखी सपाट ठेवा. पाच-सहा संथ श्वास घ्या.

दुसरी : भिंतीला पाठ लावून सरळ उभे राहा आणि दोन्ही हात वर ताणा. खांदा अडला तर अडेल तिथेच थांबा.

तिसरी : जमिनीवर उताणे पडून पोटऱ्या बाजेवर ठेवा आणि पाच मिनिटे डोळे मिटा. दिवसभर उभ्याने राबलेल्या बाईला याने मोठा विसावा मिळतो.

जेवणानंतर तीन-चार तास जाऊ द्यावेत. गरोदर बाई, नुकतेच ऑपरेशन झालेले, रक्तदाब, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असलेले यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही करू नये. चालू असलेली औषधे तर मुळीच सोडू नयेत. दुखले तर थांबावे. शेजारणीचे कपाळ गुडघ्याला लागते म्हणून आपलेही लावायला जाऊ नये.

महिन्याभरात चौदा जणी येऊ लागल्या. मावशीचे हात अजूनही जमिनीला टेकत नाहीत. तिने आपली एक वीट धुऊन दाराआड ठेवली आहे. परवा सुनेने ती चुलीपाशी नेली, तर मावशी म्हणाली, "ठिव ती जागेवर. माह्या हाताची हाय ती."